पद्मालयाला राहिलेली हजेरी

असोदा,
रविवार, ११ जानेवारी

तुला तीर्थरूप लिहावं तर तू माझ्यापेक्षा दीडच वर्षानं मोठा (आणि तेही पाचवीत एक वर्ष मुक्काम वाढवलास म्हणून माझ्या वर्गात सापडलास), प्रिय लिहावं तर पत्र आधी वहिनींच्या हाती पडेल आणि त्या ते शेजारणींना वाचून दाखवतील. तेव्हा मधला मार्ग म्हणून सन्माननीय अभिमनभाऊ यांच्या सेवेशी बालमित्र मगन याचा असोद्याहून वाकून नमस्कार. (वाकून हे फक्त कागदावर. माझ्या कमरेचं तुला माहीत आहे.)

तुझी रक्तदाबाची गोळी वेळेवर चालू आहे ना? मागच्या फोनवर वहिनी सांगत होत्या की तू ती सकाळी खिशात टाकतोस आणि ती थेट शर्ट धुवायला काढताना सापडते. म्हणजे तुझ्या शर्टाचा रक्तदाब आता उत्तम असणार. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून शिरपूरला नुसतं ओट्यावर बसून राहायची सवय लागली असेल तर रोज थोडं चालत जा. नातवंडांना अनेक आशीर्वाद. इकडे सौ. कोकिळेची प्रकृती ठीक आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतकी ताकद टिकून आहे. थंडी यंदा बरी पडली, भरताची वांगी छान आली, आणि तू नसल्यामुळे ती सगळ्यांना पुरली.

आता तू म्हणशील, खिशात मोबाईल असताना या मास्तरला पत्र लिहायची हुक्की कुठून आली? त्याचं असं आहे, की फोनवर ही गोष्ट काढली की तू "जाऊ दे ना मगन, आता काय त्याचं" म्हणतोस आणि मी लगेच जाऊ देतो. असं जाऊ देत देत पंचेचाळीस वर्षं गेली. पत्र लिहिणाऱ्याला मध्येच कोणी थांबवू शकत नाही. तर हे पत्र आपल्या सातवीतल्या पद्मालयाच्या सहलीबद्दल आहे. (दचकू नकोस, आधी ती गोळी घे.) फक्त या खेपेला मला पद्मालयाला सिंगापूरवरून जावं लागलं आहे, तेव्हा तेवढा वळसा तुलाही घ्यावा लागेल.

झालं काय, की आमच्या जळगावच्या शाळेची विज्ञान सहल यंदा नाताळच्या सुट्टीत सिंगापूरला निघाली. आठवी-नववीची चोवीस मुलं, पाच दिवस, सोबतीला विज्ञानाच्या एक तरुण मॅडम आणि प्रमुख म्हणून मी. प्रमुख मीच का, तर मे महिन्यात मी निवृत्त होतोय आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या मनात आलं की सरांना शाल-श्रीफळापेक्षा वेगळं काहीतरी द्यावं. माझा विमानाचा अनुभव म्हणशील तर मळ्यात उभं राहून वर बघितलंय तेवढाच. ही बातमी असोद्यात पोचली, आणि आपल्या गावाचं तुला माहीत आहे, कोणी लांब निघालं की नारळ आणि टोपी दिल्याशिवाय सोडायचं नाही. निघायच्या दिवशी आमच्या ओट्यावर अकरा नारळ, नऊ टोप्या आणि सात टॉवेल जमले. म्हाताऱ्या वनाआबांनी माझ्या कपाळाला कुंकू लावून डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "वापस येशीन ना रे मगन?" त्यातला एक नारळ मी शकुनाचा म्हणून हातातल्या पिशवीत ठेवला. विमानात हातातल्या सामानात नारळ चालत नाही, हे मला मुंबईच्या विमानतळावर कळलं. तिथल्या शिपायानं तो कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजलं, आणि आणखी दोघं जमा झाले. मी म्हटलं, साहेब, अडचण असेल तर इथंच कोपऱ्यात फोडतो, सगळ्यांना प्रसाद होईल. तर आणखी चार जण जमा झाले. उरलेल्या दहा नारळांचं कोकिळेनं जे काही केलं ते मी परत आल्यापासून दोन्ही वेळा खातो आहे.

बाकीच्यांनी सहलीला काय काय नेलं ते सोड. मी हजेरीपट नेला. तोच लांबडा, पुठ्ठ्याचा, काखेत धरायचा. मॅडमनी मोबाईलवर काहीतरी बसवलं होतं, त्यात चोवीस पोरांचे चोवीस ठिपके हलताना दिसायचे. मी म्हटलं, मॅडम, ठिपका कधी 'हजर सर' म्हणत नाही. माझी हजेरी घ्यायची पद्धत कोणाची हे तुला सांगायला नको. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली, पेन कागदावर, आणि नाव पुकारताना वर बघायचं नाही. आपले गिरधर गुरुजी म्हणायचे, तोंडं काय, रोज वेगळी दिसतात, मला आवाज पुरे. आणि खरंच, सातवीच्या बेचाळीस पोरांत कोणाला सर्दी झालीय, कोण घरी मार खाऊन आलंय, हे त्यांना 'हजर' एवढ्या एका शब्दावरून कळायचं. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं आहे. हजेरी मात्र अस्सल गुरुजींची. (एक फरक आहे. त्यांना आवाज ओळखता यायचे.)

तर सिंगापूरच्या विमानतळावर, पाय ठेवायला भीती वाटावी अशा गालिच्यावर, मी पोरांना दोन रांगांत उभं केलं आणि पुकारा सुरू केला. चौथ्या-पाचव्या नावाला दोन म्हाताऱ्या चिनी बायका आपणहून रांगेच्या शेवटी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, इथली तपासणी अशीच असते. त्यांची नावं न पुकारताच मी हजेरीपट मिटला तेव्हा त्या जराशा नाराज झाल्या. आमच्या बसचा ड्रायव्हर लिम नावाचा, माझ्याच वयाचा, हसरा माणूस. दुसऱ्या दिवसापासून तो चोविसाव्या नावानंतर स्टेअरिंगवरून "हाजाल सा!" म्हणून ओरडायला लागला, आणि मीही त्याचं नाव खाली लिहून पुढे खूण करायला लागलो. हॉटेलच्या तळमजल्यावर रोज सकाळी परिपाठ व्हायचा. राष्ट्रगीत सुरू झालं की नाश्त्याच्या ताटल्या घेतलेली देशोदेशीची माणसं जागच्या जागी थांबायची. एका गोऱ्या आजोबांच्या ताटलीतलं अंडं घरंगळत खाली गेलं तरी ते हलले नाहीत. मला वाटतं, जिल्ह्यात इतका शिस्तीचा परिपाठ दुसरा झाला नसेल. तिथं सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला एक पुतळा आहे, त्याच्या तोंडातून दिवसभर पाण्याची धार चालू असते. पोरं फोटो काढत होती, आणि मी खान्देशातला माणूस, हा नळ बंद कोण करतं ते शोधत होतो.

पण अभिमन, खरं सांगतो, विमान खाली येताना समुद्रात उभी असलेली जहाजं दिसली आणि माझे पाय सीटखालून आपोआप उचलले गेले. कारण सिंगापूरला मी काही पहिल्यांदा जात नव्हतो. आठवतो का तुला तो नकाशा? गुरुजींनी सहली बंद केल्या (का, ते पुढे येतंच आहे), त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी तासभर ते भिंतीला जगाचा नकाशा लावायचे. त्याचा खालचा उजवा कोपरा उंदरांनी खाल्लेला, त्यामुळे न्यूझीलंड नावाचा देश असतो हे मला डी.एड.ला गेल्यावर कळलं. गुरुजींच्या हातात कपाशीच्या पऱ्हाटीची काडी. मुंबईच्या गोदीतून आपली बोट सुटायची, कोलंबोला पाणी भरून घ्यायची आणि मग सिंगापूर. काडी त्या टिकलीएवढ्या ठिपक्यावर टेकली की गुरुजी म्हणायचे, "उतरा. सांभाळून. फळी ओली आहे." आणि आपण बेचाळीस जण सारवलेल्या जमिनीवर खरोखर पाय उचलून उतरायचो. उतरलं की हजेरी. प्रत्येक बंदरात हजेरी, आणि तीही दोनदा. एकदा मान खाली घालून आणि एकदा मान वर करून, एकेकाचं तोंड बघून. माझ्यापाशी त्यांची नजर जराशी जास्त थांबायची असं मला वाटायचं. पापी मनाला काहीही वाटतं, म्हणून मी ते सोडून द्यायचो. ज्या माणसाला पोरांना घेऊन पद्मालयापर्यंतसुद्धा जाता येईना, त्यानं आपल्याला सातवीच्या उरलेल्या तीन महिन्यांत अख्खं जग फिरवून आणलं.

असो. चौथ्या दिवशी तिथल्या मोठ्या बागेत गेलो. झाडं, वेली, ऑर्किड, सगळं बघता बघता एका वळणावर पोरं एकदम किंचाळली. समोर केळ होती. साधी, आपल्या मळ्यात असते तशी केळ, पुढे पाटी, पाटीवर लॅटिन नाव, आणि लोक तिच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेत होते. जळगावहून रेल्वेनं मुंबई, मुंबईहून विमानानं सिंगापूर, आणि बघायचं काय तर केळ! आमची पोरं हसून हसून जमिनीवर बसली. मलाही हसू आवरेना. त्या हसण्यातच वेळ गेला, पुढच्या ठिकाणी पोचायची घाई झाली, आणि मी बसच्या दाराशी उभा राहून झरझर हजेरी घेतली. चष्मा नाकावर, मान खाली. "अर्शी?" "हजर सर." खूण. चोवीस झाले, "हाजाल सा" झालं, बस सुटली.

दहा मिनिटं झाली असतील. दिपमाला नावाची नववीतली मुलगी जागेवरून उठली आणि बसचे दांडे धरत धरत पुढे आली. तोंड पांढरंफटक. म्हणाली, "सर, अर्शीचं हजर मी म्हटलं. ती केळीपाशी राहिली आहे. पाच मिनिटांत येते म्हणाली, म्हणून मी तिच्या आवाजात म्हटलं. गाडी फिरवा सर, मग मला काय शिक्षा करायची ती करा." मॅडमनी घाईघाईनं मोबाईल काढला, तर त्यात चोवीसच्या चोवीस ठिपके बसमध्ये, अर्शीचा फोन तिच्या सीटवर पडलेला होता. ठिपकाही दुसऱ्याची हजेरी लावतो हे असं कळलं. लिमला सांगितलं तर त्याचं हसू मावळलं, त्यानं पुढच्या वळणावरून गाडी फिरवली. त्या एकमार्गी रस्त्यांवरून परत पोचायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी कोणत्या देवाला काय काय बोललो ते विचारू नकोस, पण पद्मालयाच्या दोन्ही गणपतींना वेगवेगळा नवस बोललो एवढं सांगतो.

आणि अर्शी? ती केळीपाशीच होती. तिचे वडील आपल्याकडे केळीच्या गाड्या भरायच्या कामावर आहेत (तिचा खर्च शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं उचलला होता), पोरगी लहानपणापासून त्यांच्यामागे मळ्यांत फिरलेली. आजूबाजूला सात-आठ परदेशी पाहुणे, बागेचा एक माळी, आणि मध्ये ही एका हातानं घड दाखवत इंग्रजीत शिकवत होती. "धिस इज फर्स्ट फणी, धिस इज सेकंड फणी." केळफूल एव्हाना काढायला हवं होतं, घडाला टेकू दिला नाही तर झाड वाऱ्यात पडेल, असं ती माळ्याला जरा रागावूनच सांगत होती आणि तो मान हलवत होता. आपल्याला मागे सोडून बस निघून गेली होती हे तिला ठाऊकच नव्हतं. मला बघून म्हणाली, "सर, आलेच, यांना फक्त पुढच्या पिकाचं, खोडव्याचं सांगायचं राहिलंय."

पोरांना वाटलं आता सरांचा स्फोट होणार. मी काय केलं असेल? मी बसच्या पायरीवर बसलो आणि रडलो. बारीक नव्हे, चांगला, नाक ओढून. मॅडमना वाटलं साखर कमी झाली, त्यांनी माझ्या तोंडात ग्लुकोजचं बिस्किट कोंबलं. लिमनं कुठूनतरी हिरव्या बाटलीतलं मलम आणून माझ्या कपाळाला फासलं, त्यानं डोळे आणखी झोंबायला लागले. पोरं तर इतकी घाबरली की अर्शी आणि दिपमाला दोघी पायऱ्यांखाली कान धरून उभ्या राहिल्या. त्यांना कसं सांगणार, की मी तुमच्यामुळे रडत नाहीये? दिपमालाला खरं बोलायला दहा मिनिटं लागली होती. मी अजून बोललो नव्हतो.

मग बस सुरू झाल्यावर मी पोरांना पद्मालयाची गोष्ट सांगितली. जशी सांगितली तशीच इथं लिहितो. त्यातली अर्धी तुला माहीत आहे, अर्धी नाही. जानेवारी एक्याऐंशी, आपल्या सातवीची सहल, एस.टी.ची स्पेशल गाडी. एरंडोलजवळचं ते गणपतीचं देऊळ, पुढचं तळं कमळांनी भरलेलं. देवळातली ती अवजड घंटा गुरुजींनी एकेकाला उचलून वाजवू दिली. निघायच्या वेळी तू तुझी पिशवी माझ्या हातात कोंबलीस आणि म्हणालास, "माह्या नावाचं हजर म्हनजो. मायसाठी एक कमय आनतो, आलोच." तुझा आवाज नुकताच फुटला होता आणि तुझी नक्कल करण्यात माझा हातखंडा होता. गुरुजी गाडीच्या दाराशी, चष्मा नाकावर, मान खाली, आत पोरांचा गोंगाट. "अभिमन?" मी मागच्या बाकावरून तुझ्या फाटक्या आवाजात ओरडलो, "हजर गुरुजी!" दोघं-तिघं फिसकन हसले. खूण झाली, घंटी वाजली, गाडी सुटली.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं मी तुला असं सांगितलं होतं, की मला वाटलं तू गर्दीत चढलास, आणि मला लगेच डुलकी लागली. अभिमन, मला डुलकी लागली नव्हती. गाडी हलली तेव्हाच मागच्या काचेतून मला तू दिसलास. गुडघ्यापर्यंत ओला, एका हातात चप्पल, एका हातात कमळ, रस्त्याच्या मधोमध धावत येत होतास. मी तोंड उघडलं आणि मिटलं. गुरुजींच्या हातातला रूळ दिसला मला. एरंडोलला गाडी चहाला दहा मिनिटं थांबली. गुरुजींनी विचारलं, सगळे आहेत ना रे? सगळे हो म्हणाले, त्यात माझा पण हो होता. तुझी पिशवी माझ्या मांडीवर होती आणि तिच्यात तुझ्या आईनं दिलेल्या दशम्या होत्या. त्या मी खाल्ल्या नाहीत, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. (एक खाल्ली.)

असोद्याच्या स्टँडवर तुझी माय भिकुबाई उभी होती. "माहा अभिमन कुठी आहे?" गुरुजींनी हजेरीपट उघडला, तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि त्या खुणेकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मग कोणाला काही न बोलता मिळेल त्या गाडीनं उलटे एरंडोलला गेले आणि सकाळी तुला घेऊन आले. तुला वाटेत एका बैलगाडीवाल्यानं उचललं होतं ("आरे पोऱ्या, बठ्ठा गयात, तू आठेच शे?" सगळे गेले नि तू इथंच, या त्याच्या अहिराणी प्रश्नाची नक्कल तू पुढे वर्षभर करायचास), त्याच्या घरी जेवलास, झोपलास, कमळ मात्र सुकून गेलं. गुरुजींनी अख्ख्या गावासमोर तुझ्या आईला हात जोडले आणि म्हणाले, चूक माझी आहे, माझं हजेरीत लक्ष नव्हतं. तू म्हणालास, मी देवळामागं झोपलो होतो. म्हणजे तू मला वाचवलंस, गुरुजींनी सगळं अंगावर घेतलं, आणि मी घरी जाऊन जेवलो. सोळा वर्षं दर जानेवारीत निघणारी सहल पुढच्या वर्षी निघाली नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही, गुरुजी निवृत्त होईपर्यंत नाही. गावानं त्यांचं नाव 'पोरगं विसरलेले मास्तर' ठेवलं. पाराजवळून ते छत्री काखेत धरून जायचे तेव्हा मी हे ऐकलेलं आहे, आणि मी त्या पारावर बसलेला असायचो.

गोष्ट संपली. दिपमालानं विचारलं, "मग सर, तुम्ही गुरुजींना खरं कधी सांगितलं?" मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर सिंगापूर होतं, त्याची काही मदत झाली नाही.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते धुळ्याला फोन. गुरुजी आता नव्वदीत आहेत, मुलीकडे, ज्योत्स्नाताईंकडे असतात, हे तुला माहीतच आहे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. मी म्हटलं, गुरुजी, सिंगापूरला जाऊन आलो, खरंच. त्यांना इतका आनंद झाला की विचारू नकोस. बंदर कसं आहे, बोटी किती, सगळं विचारलं. आणि शेवटी म्हणाले, "मोजून आणलीस ना रे पोरं? बरं केलंस. माझ्यासारखं व्हायला नको." आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि हो गुरुजी म्हणून फोन ठेवला. इकडे शाळेत दिपमाला रोज मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकांच्या खोलीवरून जाते. बोलत काही नाही. नुसती आत बघते. मी लगेच वह्या तपासायला घेतो. या पंधरवड्यात माझ्याइतक्या वह्या कोणत्याही मास्तरनं तपासलेल्या नाहीत.

तर असं आहे सगळं. तू पत्र वाचून दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, तिसऱ्या दिवशी मात्र गोळी घे आणि फोन कर. वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानथोरांची विचारपूस. कमीजास्त लिहिलं असेल ते पोटात घाल. तुझ्या पोटात माझं बरंच काही आधीपासून आहेच.

तुझी पिशवी सांभाळणारा,
मगन

ता. क. शाळेला दिलेल्या अहवालात मी आधी 'सहल निर्विघ्न पार पडली' असं लिहिलं होतं, केवळ सवयीनं. मग तो कागद परत मागून घेतला आणि अर्शीचं सगळं खरं लिहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी लाल शाईनं शेरा मारला. पस्तीस वर्षांत मिळालेला पहिला शेरा आहे, मी तो सगळ्यांना दाखवत हिंडतो आहे. अर्शीच्या वडिलांच्या घरी जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, केळीपाशीच होती ना सर, मग ठीक.

ता. क. दुसरा. एवढं लांबण लावायचं खरं कारण हे, की धुळ्याला गुरुजींसमोर एकट्यानं जायचा मला धीर नाही. तू शिरपूरहून ये, मी जळगावहून येतो, दोघं मिळून सांगू. गुरुजींना काही ठाऊक नाही आणि ते असेच, आपली चूक समजून, गेले तर मला पुढे कोणत्याही वर्गात उभं राहता येणार नाही. (वर्ग आता चारच महिने आहेत, तरीही.)

ता. क. तिसरा, रविवार, १८ जानेवारी. हे पत्र आठ दिवस तुझ्या गोळीसारखं माझ्या खिशात फिरलं. आज सकाळी मनाचा हिय्या करून एकटाच धुळ्याला गेलो. बेल दाबली. ज्योत्स्नाताईंनी दार उघडलं. तीस वर्षांनी बघतायत, ओळखलं नाही. "कोण हवंय?" आणि माझी वाचाच गेली. जी उरली होती तिच्यातून मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "लाइटचं मीटर बघायला आलोय." त्या म्हणाल्या, रविवारी? तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, अगदी हजेरीच्या सुरात, "मीटर जिन्याखाली आहे, मगन. आणि अभिमन कुठे आहे?"

मी पळालो. अठ्ठावन्न वर्षांचा मास्तर, दोन मजले, कमरेसकट. संध्याकाळी ज्योत्स्नाताईंचा फोन आला. बाबा म्हणतात, असोद्याच्या स्टँडवर खुणेकडे बघितलं तेव्हाच कानात तो आवाज परत वाजला आणि कोणाचा ते कळलं. पोरगा तेरा वर्षांचा, गावानं जन्मभर नाव ठेवलं असतं. मास्तरचं काय, मास्तरला सवय असते. मग 'माझ्यासारखं व्हायला नको' असं फोनवर त्याला टोचून बोललात ते का, असं ताईंनी त्यांना विचारलं, तर म्हणाले, म्हातारा झालो, किती वाट बघणार.

तेव्हा वर दुसऱ्या ता. क. मध्ये लिहिलेलं खोडून टाक. त्यांना काही सांगायचं राहिलेलं नाही, फक्त जायचं राहिलं आहे. येत्या रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळी दहाला धुळ्याच्या स्टँडवर ये. ताई म्हणाल्या, बाबांना ती एक हजेरी पुन्हा घ्यायची आहे, कोण कोण हयात आहेत त्यांची नावं त्यांना पाठ आहेत. गुरुजींना आता दिसत नाही, चेहरा दाखवून भागायचं नाही. तुझं नाव पुकारलं की मी तोंड घट्ट मिटून बसणार आहे. हजर तुझं तू म्हण.